शिरधनकर बाईंचं सहा रेघांचं अक्षर

“अलका, बँक मशीनमध्ये कशी काय घुसली गं?”

शिरधनकर बाईंनी मला हे विचारलं तेव्हा मी खोक्यांवर पत्ते चिकटवत होते. दुपारचे बारा वाजलेले, टेम्पो दारात उभा, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, आणि स्टोअरच्या जाळीमागे बाई एका हातात खाकी पुठ्ठ्याचं छोटं खोकं नि दुसऱ्या हातात एक कागद घेऊन उभ्या. चेहरा असा, की चोर सापडलाय, फक्त त्याचं नाव कळायचं बाकी आहे.

“कुठली बँक?” मी विचारलं.

“हे बघ. हा मशीनवाल्या कंपनीचा कागद. इथं इंग्रजीत बँक लिहिलंय आणि शेजारी ही दोन चिनी अक्षरं. म्हणजे ही दोन मिळून बँक. पटतंय?”

“पटतंय.”

“आता हे खोकं. लिमिट स्विचचं. यावर चार अक्षरं आहेत. त्यातलं पहिलं बघ.”

मी वाकून पाहिलं. बँकेतलं दुसरं अक्षर आणि स्विचवरचं पहिलं अक्षर एकच होतं. 行. डावीकडे दोन तिरक्या रेघा नि एक दांडा, उजवीकडे दोन आडव्या रेघा नि खाली गळासारखा वळलेला दांडा.

“असेल काहीतरी, बाई,” मी म्हटलं. टेम्पोवाला आता शिव्या घालायच्या बेतात होता.

“असेल काहीतरी म्हणून कधी काही असतं का?” बाई म्हणाल्या आणि खोकं छातीशी धरून आत गेल्या.

ही दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. भाईंदर पूर्वेला तीन गाळे जोडून रमणिकभाईंनी प्लॅस्टिकचा कारखाना काढला होता. आम्ही डब्यांची आणि बाटल्यांची झाकणं बनवायचो. मी डिस्पॅचला होते. बाई स्टोअर सांभाळायच्या. वय पन्नाशीच्या पुढे, अंगकाठी सुपारीसारखी, हातात नवऱ्याचं जुनं मोठं घड्याळ, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. माहेर रेवदंड्याचं, सासर लालबागचं. मुलाचं लग्न ठरल्यावर जागा पुरेना म्हणून घर पेणकरपाड्याला हललं होतं. यजमान बसचे निवृत्त कंडक्टर. ते म्हणायचे, “हिला तिकीट दिलं तरी ही विचारणार, याला भोक इथंच का पाडलं?”

खोटं नव्हतं ते. स्टोअरच्या खिडकीवर कुणी साधा बोल्ट मागायला आला तरी बाई विचारायच्या, “कुठं बसणार हा?”

“मशीन में, मॅडम.”

“मशीन में कुठं?”

नीट सांगता आलं नाही तर बोल्ट मुठीतच राहायचा. कधीकधी तर खिडकीला कडी लावून त्या बोल्टच्या मागोमाग मशीनपर्यंत जायच्या, तो बसताना बघायच्या आणि परत येऊन वहीत लिहायच्या. त्यामुळे कुठल्या मशीनचा कुठला स्क्रू ढिला आहे हे फिटरच्या आधी त्यांना ठाऊक असायचं.

अशा बाईंच्या समोर त्या वर्षी रमणिकभाईंनी चीनहून मोल्डिंग मशीन आणून ठेवलं. पिस्ता रंगाचं, खोलीएवढं लांब. त्याच्या पॅनलवर चाळीसेक बटणं आणि एका बटणावर म्हणून इंग्रजी अक्षर नाही. सोबत दोन पुस्तकं आली. चिनी पुस्तक उशीएवढं जाड आणि इंग्रजी पुस्तक लग्नपत्रिकेएवढं. मशीन बसवायला आलेल्या माणसानं कोणती आठ बटणं दाबायची ते दाखवलं, सुपरवायझरनं त्यांच्यावर रंगीत टिकल्या चिकटवल्या, आणि आमचं काम सुरू झालं. पिवळं दाबा, मग निळं दाबा, झाकण पडेल. उरलेल्या बत्तीस बटणांकडे कुणी बघायचं नाही असं सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकलं.

सगळ्यांनी म्हणजे बाई सोडून. सुट्या भागांची सत्तर-ऐंशी खोकी स्टोअरमध्ये आली होती, सगळी चिनी लेबलांची. कशात काय आहे हे न कळता ती फळीवर ठेवायची, हे बाईंना उपाशी झोपण्यासारखं वाटत होतं. त्यांनी एकेक खोकं उघडून, आतली वस्तू बघून, लेबलावरची अक्षरं वहीत उतरवायला घेतली. त्यातच त्यांना ही बँक सापडली.

पुढच्याच आठवड्यात बाई फोर्टात गेल्या आणि फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकवाल्याकडून चिनी-इंग्रजी शब्दकोश घेऊन आल्या. पाठीचा पुठ्ठा निघालेला, पण आत पानं शाबूत. त्यात शब्द शोधायची रीत वेगळीच होती. आपल्यासारखं क, ख, ग नाही. अक्षराच्या रेघा मोजायच्या, त्याचा एक मूळ तुकडा ओळखायचा आणि त्या तुकड्याखाली शोधायचं. बाई डबा खाताना एका हातानं पोळी मोडायच्या आणि दुसऱ्या हाताचं बोट पाण्यात बुडवून स्टीलच्या डब्यावर रेघा काढायच्या. पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत स्टोअरमधून आरोळी आली.

“थांब, थांब, थांब! सापडलं!”

आम्ही चारपाच जणी धावलो. आम्हाला वाटलं उंदीर सापडला.

“सहा रेघा,” बाई म्हणाल्या. डोळे लकाकत होते. “डावा तुकडा म्हणजे डावं पाऊल. उजवा तुकडा म्हणजे उजवं पाऊल. डावं, उजवं. अर्थ काय झाला?”

“लेफ्ट-राइट,” पॅकिंगमधली एक म्हणाली.

“चालणं! या अक्षराचा अर्थ चालणं. प्रवास करणं. मशीनची प्लेट पुढे चालते, ठरल्या जागी पोचली की तिला थांबवणारा हा स्विच. त्याचं नाव चालण्यावरूनच असणार. बरोबर की नाही?”

“मग बँक?” मी विचारलं.

बाईंचा चेहरा पडला, पण क्षणभरच. “तेच तर. इथं दुसरा उच्चार दिलाय नि दुसरे अर्थ. ओळ, रांग. धंदा. पेढी. आता चालण्याचा आणि पेढीचा काय संबंध?”

संबंध त्यांना सायबर कॅफेत मिळाला. पेणकरपाड्याच्या कोपऱ्यावर एक होता, गेम खेळणाऱ्या पोरांनी भरलेला. बाई तिथं रविवारी सकाळी जाऊन बसल्या. सोमवारी त्यांनी मला एक छापील कागद दाखवला. इंग्रजी मजकुरात जागोजागी रिकामे चौकोन होते, कारण त्या कॉम्प्युटरला चिनी अक्षरंच येत नव्हती. जिथं अक्षर हवं तिथं चौकोन. पण मधोमध एक चित्र मात्र चित्र असल्यामुळे व्यवस्थित उमटलं होतं.

“हे त्याचं सगळ्यात जुनं रूप,” बाई हळू आवाजात म्हणाल्या, देव्हाऱ्यासमोर बोलावं तसं. “हजारो वर्षांपूर्वी हाडांवर कोरलेलं. पावलं-बिवलं नंतरच्या लोकांनी लावलेला अर्थ. बघ बरं, काय दिसतंय?”

दोन उभ्या रेघा, दोन आडव्या रेघा, एकमेकींना भिडून चारी बाजूंना उघड्या राहिलेल्या. लहान मुलं फुली-गोळा खेळायला आखतात तसं काहीतरी, पण मधला चौकोन मोकळा.

“फुली-गोळा,” मी म्हटलं.

“नाका!” बाई ओरडल्या. “चौरस्ता! चार वाटा येऊन मिळतात तो नाका. आता ऐक. रस्ता म्हटला की माणूस चालणार. म्हणून चालणं. आणि रस्ता म्हटला की दोन्ही बाजूंना दुकानं लागणार, एकाला लागून एक. म्हणून ओळ. एका धंद्याची दुकानं एका ओळीत. आमच्या रेवदंड्याला सोनार आळी होती, तशी. आळी म्हणजे तरी काय? ओळच की! ओळीवरून धंदा, धंद्यावरून पेढी. आणि बँकेतलं पहिलं अक्षर माहितीये काय? चांदी. चांदीची पेढी, ती बँक!” त्यांनी कागद टेबलावर आपटला. “बँक मशीनमध्ये घुसली नव्हती, अलका. दोन्ही एकाच रस्त्यानं आलीत.”

मी कॉलेजात तीन वर्षं काढली, पण कुणी काही समजावून सांगितलं आणि अंगावर काटा आला असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

त्याच आठवड्यात बाई आणि मी घोडबंदरच्या गोडाऊनला माल मोजायला टेम्पोतून निघालो होतो. काशीमिरा नाका आला आणि बाईंनी ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारली. “बाजूला घे. जरा बाजूला घे.”

मला वाटलं त्यांना मळमळतंय. टेम्पो थांबला तशा त्या उतरल्या, पदर खोचला आणि मागून चढून थेट मालाच्या खोक्यांवर उभ्या राहिल्या. एक हात दोरीला, एक हात कपाळावर. हायवेचे ट्रक, ठाण्याकडे वळणाऱ्या बस, रिक्षा, सगळं चारी बाजूंनी येऊन मधे कोंबलं जात होतं. ट्रॅफिक हवालदार शिट्टी वाजवत आला.

“ओ काकू! काय चाललंय वर?”

“नाका बघतेय.”

“नाका? रोज दिसतो की.”

“वरून नाही ना दिसत,” बाई म्हणाल्या. “अलका, ये गं वर! इथून बरोब्बर दिसतंय. तो हायवे म्हणजे दोन उभ्या रेघा, आणि ही घोडबंदरची वाट म्हणजे आडव्या!”

मी नाही चढले. पुढे किती वर्षं मला त्याचं वाईट वाटलं. हवालदार मात्र थोडा वेळ मान वर करून बघत राहिला आणि मग ड्रायव्हरला विचारलं, “शाळेत शिकवतात का या?”

अर्थ कळला, पण उच्चाराचं घोडं अडलेलंच होतं. शब्दकोशात उच्चार इंग्रजी लिपीत होता. पहिलंच अक्षर एक्स, मग आय-एन-जी, आणि आयच्या डोक्यावर एक तिरकी रेघ. बाई म्हणायच्या, “क्सिंग.” म्हणताना त्यांना दरवेळी शिंक आल्यासारखं व्हायचं. कारखान्यात सगळे त्यांना बघून “क्सिंग, मॅडम!” करू लागले. बाईंना त्याचा राग नव्हता. राग होता तो आपण चुकतोय हे कळत असून सुधारता येत नाही याचा.

मग मशीनची वर्षाची देखभाल करायला चिनी कंपनीचे मिस्टर ल्यू आले. चाळिशीचा, हसरा, गोल चेहऱ्याचा माणूस. इंग्रजी आमच्यापेक्षा कच्चं. ते मशीनखाली पाठीवर झोपलेले असताना बाई शेजारी उकिडव्या बसल्या आणि त्यांनी वही पुढे केली.

“क्सिंग?”

ल्यूंनी मान हलवली. कळलं नाही.

“क्सिंग! धिस. क्सिंग.”

ल्यूंनी वहीत पाहिलं, अक्षर दिसताच ते मशीनखालून सरपटत बाहेर आले आणि म्हणाले, “आ! शिंग.”

“शिंग?” बाई उडाल्या. “गाईचं शिंग?”

पण ते आपलं शिंग नव्हतं. आवाज खालून सुरू होऊन वर चढत होता. कुणी आपल्याला काहीतरी अजब सांगितलं की आपण “हो?” म्हणतो ना, तसा. बाईंना ते लगेच सापडलं. “अगं, आपलं ‘हो’ घे. ‘हो’, म्हणजे मान्य. ‘हो?’ म्हणजे खरंच का. ‘हो!’ म्हणजे गप्प बस, ऐकलं मी. आपण सुरावर भाव बदलतो, हे सुरावर शब्दच बदलतात. एवढंच!” मग त्या दिवसभर “हो?” च्या चालीवर “शिंग?” म्हणत हिंडल्या. दुसरा उच्चारही ल्यूंनी म्हणून दाखवला, तो “हांग”, त्याच चढत्या सुरात. चाललात तर शिंग, पेढीवर बसलात तर हांग.

खरी मजा संध्याकाळी झाली. मशीन सुरू झालं, पण एक नळी थोडी ठिबकत होती. नवी यायला आठ दिवस लागणार होते. तिथं रमणिकभाई होते, ल्यू होते, बाई होत्या, मी होते आणि मशीनवर काम करणारी फिलोमिना होती. फिलोमिना पालीची, उत्तनच्या बाजूची. घरचा मासेमारीचा धंदा. नवऱ्याच्या स्कूटरवरून भाईंदरपर्यंत यायची. हाताला जलद आणि बोलायला फटकळ. ल्यूंनी नळीला पट्टी गुंडाळली, मशीन दोनदा चालवून पाहिलं आणि स्वतःशीच मान डोलावून म्हणाले, “शिंग. शिंग.”

बाई चक्रावल्या. “आता कोण चाललं?”

ल्यूंना प्रश्न कळला असावा. त्यांनी अंगठा आणि बोट जुळवून दाखवलं. ओके. होईल काम.

रमणिकभाई नळीकडे बघून म्हणाले, “हां, चालशे.”

मागून आलेला सुपरवायझर म्हणाला, “चलेगा, सेठ.”

फिलोमिना म्हणाली, “चालंल आठ दिस.”

आणि बाईंनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले. “थांबा, थांबा, थांबा! ऐकलंत का? आत्ता काय म्हणालात सगळे? चालशे, चलेगा, चालंल! कोण चालणार आहे? नळीला पाय आहेत? आपण ‘ठीक आहे’ म्हणायला ‘चालेल’ म्हणतो आणि हे तिकडे इतक्या लांब बसून चालण्याच्याच अक्षरानं ‘चालेल’ म्हणतात! कुणी शिकवलं यांना? कुणी शिकवलं आपल्याला?”

रमणिकभाई हसायला लागले. ल्यूंना काय झालं ते कळायला दहा मिनिटं आणि बऱ्याच खाणाखुणा लागल्या, पण कळलं तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. जाताना ते बाईंना म्हणाले, “नी जन शिंग.” बाईंनी शब्दकोशात बघून मला सांगितलं, तेव्हा त्या कानापर्यंत लाल झाल्या होत्या. त्या अक्षराचा आणखी एक अर्थ होता. जमणं, हुशार असणं. तुम्ही खरंच भारी आहात, असं तो माणूस म्हणून गेला होता.

त्यानंतर आमच्या कारखान्यात ‘चालेल’ हा शब्दच बंद झाला. चहा आणू? शिंग. सुट्टी हवीय. शिंग. जेवणाच्या सुट्टीत बाई सगळ्या बायकांना ते अक्षर काढायला शिकवायच्या. फिलोमिनाचं सगळ्यात झोकदार यायचं. पॅनलवर ते कुठं कुठं दिसतं हेही तिनं हेरून ठेवलं होतं.

तीनेक महिन्यांनी एका दुपारी मशीन मधेच थांबलं. साच्याची प्लेट अर्ध्या वाटेत उभी आणि आत एक झाकण अडकलेलं. मागचा लिमिट स्विच चिकटला होता. सुपरवायझरनं स्टोअरला नवा स्विच मागितला आणि तो दुसऱ्या मशीनकडे गेला. आजूबाजूच्या मशीनच्या आवाजात याची मोटर चालू आहे की बंद, हे कळायला मार्ग नव्हता. बाई नवा स्विच घेऊन आल्या तेव्हा मी त्यांच्या मागेच पावती घेऊन येत होते. फिलोमिनानं संरक्षक जाळी सरकवली होती आणि हातमोज्यातला हात आत घालून ती झाकण सोडवत होती.

बाईंची नजर पॅनलवर गेली. हिरवा दिवा लागला होता.

“हात काढ! चालू आहे! हात काढ!”

त्या ओरडल्याही आणि धावल्याही. मी पहिल्यांदाच त्यांना धावताना पाहिलं. मशीन बंद करायच्या लाल टोपीच्या बटणावर त्यांनी मूठ मारली तेव्हाच झाकण सुटलं होतं, त्या हिसक्यानं चिकटलेला स्विच मोकळा झाला होता आणि प्लेट पुढे निघाली होती. नखभर अंतर राहून ती थांबली. हातमोजा आत राहिला. हात बाहेर आला, मधल्या बोटाचं नख उखडलेलं आणि टोक चेचलेलं.

डॉक्टरकडे न्यायला गाडी येईपर्यंत फिलोमिना खुर्चीवर बसली होती. बाई तिचा हात माझ्या ओढणीत गुंडाळून धरून होत्या. बाईंनी विचारलं, “दिवा लागला होता ना गं? दिसला नाही तुला?”

“दिसला ना,” फिलोमिना म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. “म्हनून तं घातला. त्याखाली तुमचा तो शिंग हाय. तुमीच तं सांगितलेला, बाय. यो म्हंजे चालंल. ओके.”

बाईंनी वळून पॅनलकडे पाहिलं. दिव्याखाली दोन अक्षरं होती. दुसरं ते सहा रेघांचं होतं, पण पहिल्याबरोबर मिळून त्याचा अर्थ होत होता, मशीन चालू आहे. फिलोमिनाला ओळखीचं एकच दिसलं होतं.

गाडी गेल्यावर बाई सरळ रमणिकभाईंच्या केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच होतं. “चूक माझी आहे,” त्या म्हणाल्या. “मी तिला अर्धवट शिकवलं.”

रमणिकभाई म्हणाले, “शिरूबेन, मशीन कोण लाया? मैं लाया. वरस हो गया. चाळीस बटन पे एक चिठ्ठी नहीं लगाई मैंने. जाळी खोलो तो मशीन बंद होना चाहिए, वो भी नहीं देखा. तुम तो पढ़ने को बैठी, हम लोग तो पढ़े भी नहीं.”

पण बाईंचं समाधान झालं नाही. शब्दकोश त्यांनी माझ्या ड्रॉवरमध्ये आणून ठेवला. “कुलूप लाव,” म्हणाल्या. पुढचे काही दिवस स्टोअरच्या खिडकीवर बोल्ट मागितला की बोल्ट मिळत होता. कुठं बसणार, असं कुणी विचारत नव्हतं. ते ऐकायला इतकं विचित्र वाटायचं, की फिटर लोक आपणहूनच सांगायला लागले, “मॅडम, ये पीछे वाले पाइप में बैठेगा.” बाई नुसती मान हलवायच्या.

रविवारी त्या मला घेऊन पालीला गेल्या. बस सोडल्यावर अरुंद गल्लीतून चालत, समोरून स्कूटर आली की भिंतीला चिकटत, विचारत विचारत आम्ही घर गाठलं. अंगणात बांबूंवर बोंबील वाळत होते. फिलोमिना पायरीवर बसून डाव्या हातानं सुकट निवडत होती. उजव्या हाताच्या बोटाला भलंमोठं बँडेज.

“दुखतंय का गं?” बाईंनी विचारलं.

“आता तवढा न्हाय. ठणकतंय जरासा.” तिनं आम्हाला बसायला पाट सरकवले.

बाई बसल्या नाहीत. उभ्यानंच म्हणाल्या, “फिलोमिना, मला माफ कर. मला एक गोष्ट कळली की मी उड्या मारते. पुढचं कळेपर्यंत थांबत नाही. माझ्या उड्यांपायी तुझा हात गेला असता.”

फिलोमिनानं सुपातली एक काडी वेचून फेकली. “माफ कराचा काय त्यात? तुमी बटन नसतं दाबलं तं पुरा हात जाता.” मग म्हणाली, “पन बाय, येक सांगू? आमचे लोक येकटा ढग बगून होडी न्हाय सोडत. वारा पन बगतात, पानी पन बगतात. तुमी आमाला येकला ढग शिकवलाव.”

बाई खालीच बसल्या. पाटावर नाही, तशाच पायरीवर.

“आता बंद करनार म्हनं तुमी?” फिलोमिना म्हणाली. “सगल्या बाया बोलतात. बंद केलं तं कसा व्हनार? मशीनवर मीच बसनार ना उद्या? अर्दा शिकवलाव, आता पुरा शिकवा. त्या सगल्या बटनांचा.”

परतीच्या बसमधून भाईंदरला उतरल्यावर बाई म्हणाल्या, “अलका, उद्या लवकर ये. ड्रॉवरची किल्ली आण.”

पुढचे दोन महिने जे चाललं तसा उत्साह मी पुन्हा कुठल्या कामाच्या जागी पाहिला नाही. चाळीस बटणं, अकरा दिवे आणि सात पत्र्याच्या पाट्या. बाई एकेक जोडी शब्दकोशातून काढायच्या, अर्थ लिहायच्या आणि मग मिस्टर ल्यूंना फॅक्स करायच्या. ल्यूंकडून बरोबर किंवा चूक अशी खूण होऊन कागद परत आल्याशिवाय एकही चिठ्ठी चिकटवायची नाही. “एकटं अक्षर वाचायचं नाही, जोडीनं वाचायचं,” हे त्यांनी स्टोअरच्या दारावर खडूनं लिहून ठेवलं होतं. चिठ्ठ्या मराठीत आणि हिंदीत. रमणिकभाईंनी जाळी उघडताच मशीन बंद पडेल अशी दुरुस्ती करून घेतली. आणि शेवटची परीक्षा बाईंची असायची, घेणारी फिलोमिना. ती बँडेजच्या बोटानं एकेक दिवा दाखवायची आणि बाई शाळकरी मुलीसारख्या हात मागे बांधून उत्तरं द्यायच्या.

“यो लागला तं हात घालाचा?”

“नाही.”

“आन यो?”

“तोही नाही. मोटर बंद करून, जाळी उघडून, मगच.”

“शिंग!” फिलोमिना म्हणायची, आणि सगळा गाळा हसायचा.

हळूहळू आमच्या औद्योगिक वसाहतीत बातमी पसरली. तोवर गाळ्यागाळ्यांत चिनी मशीनं येऊ लागली होती. कुणी बटणं बनवायचं, कुणी स्टीलच्या वाट्या. माणसं खोक्यांची झाकणं फाडून घेऊन यायची आणि दारात विचारायची, “चायनावाली मॅडम किधर बैठती है?” बाई झाकण हातात घ्यायच्या, डोळ्यांजवळ न्यायच्या आणि विचारायच्या, “हे कुठं बसणार?” तो प्रश्न परत आलेला ऐकून मला काय वाटलं, ते सांगता येणार नाही.

दोन हजार नऊमध्ये बाई निवृत्त झाल्या. वरच्या पॅकिंग हॉलमध्ये निरोपाचा कार्यक्रम ठेवला होता. खुर्च्या मांडल्या होत्या, शाल-श्रीफळ, समोसे, रमणिकभाई सफारी घालून आलेले. फिलोमिना दोन शब्द बोलणार होती, म्हणून कोपऱ्यात पाठ करत उभी होती. पाच वाजले तरी बाईंचा पत्ता नाही. मला खाली पाठवलं.

त्याच दुपारी आमचं चौथं चिनी मशीन आलं होतं आणि लाकडी पेटी अजून अंगणात पडून होती. बाई पेटीच्या मागच्या बाजूला गुडघ्यांवर बसल्या होत्या. कार्यक्रमासाठी नेसलेली मोतिया रंगाची पैठणी, केसांत अबोलीचा गजरा, आणि गुडघ्याखाली रद्दीचा पेपर. पेटीच्या फळीवर काळ्या शाईत एक मोठं, गिचमिड अक्षर छापलेलं होतं.

“बाई, सगळे वाट बघतायत वर.”

त्यांनी मागे वळून पाहिलं. मी त्यांना इतक्या वर्षांत अनेकदा खुशीत पाहिलं होतं, पण असं नाही.

“अलका,” त्या म्हणाल्या, “हे मला येत नाही!”

आणि त्या परत फळीकडे वळल्या, बोट रेघेवर ठेवून पुटपुटत, नऊ, दहा, अकरा. मी वर जाऊन रमणिकभाईंना सांगितलं, बाईंना अजून थोडा वेळ लागेल.